मुक्या अक्षराचा दर

बापूसो आर्ट्स, पापाची तिकटी.
वडील अक्षरावर पैसे घ्यायचे,
एकाला अडीच रुपये, सावली पाहिजे तर साडेतीन.
म्हणून त्यांना इंग्रजी आवडायचं.
मराठीत ‘सराफ’ म्हणजे तीन अक्षरांत कारभार आटोपला,
आणि गुजरीत कुणी ‘ज्वेलर्स’ म्हणालं
की नऊ अक्षरं, शिडीवर अख्खी दुपार.
उद्यमनगरात सुऱ्या करणाऱ्या एका पार्टीनं
हुज्जत घातली होती:
‘नाईफ’मधला पहिला के बोलतच नाही,
त्याचे पैसे कसले?
वडील ब्रश झटकत म्हणाले,
‘मुक्याला काय रंग कमी लागतोय व्हय?’

सातवीत उपाध्ये बाईंनी माझं नाव
स्पेलिंगच्या स्पर्धेत घातलं.
महिनाभर शाळा सुटल्यावर घोकंपट्टी.
‘कर्नल’मधला र लिहिताना कुठं गेला, विचारलं
तर म्हणाल्या, ‘बॉर्डरवर. तू घोक.’
मी घोकलं.
मला ती न बोलणारी अक्षरं
थोरल्या आत्यासारखी वाटायची,
नवऱ्यानं परत पाठवलेली आत्या,
पानावर असायची,
बोलण्यात नसायची.

शाहूपुरीतल्या शाळेचा हॉल.
एकेक करत पोरं खाली गेली,
कुणी ‘आयलंड’ला, कुणी ‘टंग’ला,
वारणेकडून आलेला एकजण ‘वेन्सडे’ला अडकून रडलाच.
शेवटी उरलो दोघं, मी आणि
राजारामपुरीतल्या डॉक्टरांचा निनाद मगदूम.

मला शब्द आला: रिसीट.

बाईंचा नियम तोंडात तयार होता,
सी नंतर ई आधी, आय मागनं.
पण डोळ्यांपुढं उभं राहिलं आमचं पावतीपुस्तक,
गुलाबी, लक्ष्मीपुरीतल्या प्रेसवर छापलेलं,
वर जाड टायपात तोच शब्द,
ज्याच्यावर बोट ठेवून वडिलांनी मला
पहिली सात अक्षरं ओळखायला लावली होती.
नियम खरा की बाप?
विचार करायला तीस सेकंद होते.
आर. ई. सी. आय. ई. पी. टी.

घंटी.

निनादनं दोन अक्षरांची अदलाबदल केली
आणि कप घेऊन गेला.
मुका पी मी विसरले नव्हते,
पण त्याचे कुणी काही दिले नाहीत.

वडील उशिरा आले, लुनावर,
नखांत पिवळा, अंगाला टर्पेंटाईनचा वास.
‘कुठल्या शब्दाला गेलीस?’
‘कर्नल,’ मी म्हटलं. ‘चुकलो.’
(आमच्या पेठेत पोरीसुद्धा चुकतो, जातो, येतोच म्हणायच्या,
ते कुणी तपासत नव्हतं.)
‘मिलिटरीचं हाय. अवघडच असणार,’ ते म्हणाले,
आणि मला मोठ्या ग्लासातलं कॉकटेल पाजलं,
वर दोन चेरी.

मग फ्लेक्स आले.
एका रात्रीत बोर्ड, चेहऱ्यासकट,
अक्षराचा दर कोण विचारतो?
परवा दुकानाचा गाळा रिकामा करताना
डब्यांच्या मागं पुस्तकं सापडली,
स्थळप्रती तशाच, कार्बनचा निळसर धूर धरलेल्या.
पावती चारशे सतरा. तारीख: स्पर्धेचा दुसरा दिवस.
तिथून पुढं प्रत्येक पानावर
छापील आय आणि ई च्या डोक्यावर
बॉलपेननं काढलेली बारकी कमान,
इकडचं तिकडं, तिकडचं इकडं.
कुणी सांगितलं त्यांना?
बाईंनी, की मगदूम डॉक्टरांनी बोर्ड रंगवून घेताना?
मला कधी बोलले नाहीत.
मीही त्यांना.

चारशे त्रेपन्नवर हात घाईत असावा,
कमान एक घर पुढं पडली आहे,
ई आणि पी वर.
म्हणजे तो शब्द आता कुठल्याच नियमात बसत नाही.
खाली त्यांच्या वळणदार अक्षरात:
पिठाची गिरणी, मंगळवार पेठ,
अक्षरं सतरा,
बेचाळीस रुपये पन्नास पैसे,
मिळाले.